काखेतला जोड

११ मार्च

मायना लिहीत नाही. ‘प्रिय’ लिहायला पेन उठत नाही आणि ‘चिरंजीव’ लिहिलं तर आशीर्वाद दिल्यासारखं होईल. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हा कागद. आईच्या हाती पाठवते आहे. पाकिटाला चारही बाजूंनी मशीनची टीप मारली आहे, कारण नुसतं गोंदाने चिकटवलेलं पाकीट आपल्या आईच्या लेखी उघडंच असतं. टीप उसवलेली दिसली तर तिने वाचलं असं समज आणि मला कळव. निदान तेवढं तरी कळव.

तुझा निरोप तिने पोचवला. मी एका कागदावर सही करायची. ‘गोंधळात माझा हात चुकून लागला, झाल्या प्रकाराचा मला पश्चात्ताप होतो.’ मग साहेब मोठ्या मनाने प्रकरण मिटवणार. नाहीतर पोलिसावर हात उचलल्याबद्दल दोन वर्षं आत. आईने हे सगळं पाठ केल्यासारखं म्हणून दाखवलं आणि शेवटी स्वतःच्या पदरचं एक वाक्य घातलं, ‘सोन्या तुझ्यासाठी किती धावपळ करतोय बघ.’ मी कोठडीत दीड दिवस होते तेव्हा हा सोन्या नेमका कुठे धावत होता, ते मी तिला विचारलं नाही. तुला विचारते आहे.

आता ‘चुकून’बद्दल. सत्तावीस वर्षं मी कापड कापते आहे. माझा हात चुकून कुठेही लागत नाही.

चार मार्चला आमच्या गल्लीत काय झालं ते तुला ठाऊक नसणार, कारण ठाण्याच्या हजेरीप्रमाणे तू दिवसभर आत टेबलापाशी बसून होतास. म्हणून सांगते. दुपारी मोठ्या रस्त्यावर कुणीतरी पोलिसांच्या गाडीवर दगड मारला. काच फुटली. दगड मारणारा पळाला, आणि मग ज्याचे पाय चालू होते तो प्रत्येक जण दगड मारणारा ठरला. तुझ्या खात्याचे पाच जण आमच्या गल्लीत शिरले. डोक्यावर हेल्मेट, तोंडासमोर काच, छातीवरच्या नावाच्या पट्ट्या काढून ठेवलेल्या. घरून निघताना पट्टी काढणारा माणूस काय ठरवून निघतो, ते सांगायला शिक्षण लागत नाही.

त्याच वेळी काजू समोरून येत होता. काजू म्हणजे गल्लीतल्या सगळ्या टेलरांची काजं करणारा, माझ्या दुकानाच्या पायरीशी स्टूल टाकून बसणारा. पन्नाशीचा माणूस. काजं करतो म्हणून काजू. तुला ओळख करून द्यायची गरज नसावी, पण तू हल्ली बरंच विसरतोस. त्याच्या पिशवीत अकरा शर्ट होते, दोऱ्याची रिळं होती आणि काज कापायची ती नखाएवढी पाती होती. ती पाती आता तुमच्या कागदावर ‘धारदार हत्यार’ झाली आहे. काजूवर गुन्हा आहे की त्याने त्या हत्याराने पाच पोलिसांवर हल्ला केला. पाच हेल्मेटवाल्यांवर, नखाएवढ्या पातीने. हे लिहिणाऱ्याने लिहिताना मान तरी वर केली का, मला जाणून घ्यायचं आहे.

काजू इस्पितळाच्या कैदी खोलीत आहे. उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं मोडली आहेत. माझी सही मिळाली की त्याचं काय होईल ते वकिलांनी मला नीट समजावलं. मी ‘चुकून’ म्हटलं की त्या दुपारी कुणी कुणाला मारतच नव्हतं असं ठरतं. मग उरतो तो फक्त हत्यारवाला काजू आणि त्याची सात वर्षं.

सही करणार नाही. ‘ताई’ म्हणूनही करत नाही. तू ठाण्यात ओळख दाखवली नाहीस, मी कागदावर दाखवत नाही.

तुझे शर्ट शिवणारी


१९ मार्च

उत्तर मिळालं. दीड ओळ. ‘हट्ट सोड. मी त्या दिवशी ठाण्यात होतो, मला यात ओढू नकोस.’ लहानपणी तू निबंधही असेच लिहायचास. बाई ओरडायच्या आणि पुढचं पान मी लिहून द्यायचे. या वेळचं पानही मलाच भरायचं आहे असं दिसतं.

आई म्हणाली, तुझ्या उजव्या मनगटाला प्लास्टर आहे. न्हाणीघरात घसरलास म्हणे. कधी, असं मी विचारलं. त्याच आठवड्यात, म्हणाली. साबणाचा तुकडा पडला होता. मी म्हटलं, साबणालाही आत टाका दोन वर्षं. तिला हसू आलं नाही.

आता माझ्या गुन्ह्याचं ऐक. तुमच्या कागदात लिहिलंय की मी मागून येऊन एका शिपायाच्या डाव्या खांद्यावर लाकडी पट्टी मारली. शिपाई कोण, तर तुझा तो जाड्या मित्र, जो दर सहा महिन्यांनी माझ्याकडे पँटची कंबर सैल करायला येतो. त्याला खांद्यावर मुका मार, डॉक्टरांचा दाखला जोडलेला. मी जाड्याला शिवलेदेखील नाही. म्हणजे कपडे शिवले, त्याला शिवले नाही. त्याचा खांदा मला लांबूनही ओळखता येतो, तो त्या पाचांत नव्हताच, आणि माझी पट्टी खांद्यावर नाही, मनगटावर बसली. उजव्या मनगटावर. वर गेलेल्या.

झालं ते असं. मी दुकानात उभी राहून कापड कापत होते, त्यामुळे कात्री हातात होती. मोठी कात्री, बाबांनी मला पहिली मशीन घेऊन दिली तेव्हाची. ओरडा ऐकून बाहेर पाहिलं तर काजू पायरीशी पडला होता आणि दोन्ही हात डोक्यावर धरून काठ्या घेत होता. मी ओरडले, ‘थांबा, तो अडखळतो, त्याला बोलता येत नाही.’ दोनदा ओरडले. पाचही जणांना ऐकू आलं असणार, कारण एकाने माझ्याकडे बघून ‘आत हो’ म्हटलं. मग मी कात्री टेबलावर ठेवली, मीटरची पट्टी उचलली, दोन पायऱ्या उतरले आणि जो हात सगळ्यात वर जात होता त्याच्यावर एकदा मारली. एकदाच. काठी खाली पडली. मी काजूच्या पुढे आडवी उभी राहिले. त्यानंतर माझं काय केलंत ते लिहीत नाही, आई वाचत असेल.

सरकारी वकील परवा कोर्टात म्हणाले की कात्री खाली ठेवली, म्हणजे विचार करायला वेळ होता, म्हणजे डोकं ठिकाणावर होतं, म्हणजे गुन्हा जाणूनबुजून केला. मी उठून सांगितलं की हो, वेळ होता. म्हणूनच कात्री ठेवली. आमच्या वकिलांनी कपाळावर हात मारला. हे आमचे वकील म्हणजे सदा सर्दी झालेला, जुन्या निमंत्रणपत्रिकांच्या मागे टिपणं काढणारा गृहस्थ. बाहेर आल्यावर नाक पुसत म्हणाले, ‘बाई, न विचारता बोलू नका. पण बोललात ते बरं बोललात.’

त्यांनी मला कायदा समजावला. माझ्यासमोर दुसऱ्या कुणाला कुणी मारत असेल तर त्याला वाचवायला हात उचलायचा हक्क मला आहे. तो माझा कोण लागतो याला महत्त्व नाही. फक्त लागेल तेवढाच हात उचलायचा, जास्त नाही. मारणारा वर्दीत असला की मात्र गणित अवघड होतं. वर्दीतला माणूस काम करत होता की मारहाण, हे आधी सिद्ध करावं लागतं. वरच्या मजल्यावरच्या शिकवणीतल्या एका मुलीने मोबाइलवर घेतलं आहे. बावीस सेकंद. पण त्यात चेहरा नाही, नाव नाही. तुमचं खातं म्हणतं की काजूने हल्ला केला ते आमचे पाच वेगळे, काठ्या मारणारे हे पाच जण आमचे कशावरून. वकील म्हणाले, पाचांपैकी एक जरी ओळखता आला तरी सगळं उलटेल.

मी म्हटलं, नाही हो, हेल्मेट होती ना.

तसं म्हटलं मी. वाच पुन्हा.


२ एप्रिल

काजूला भेटून आले. दहा मिनिटं दिली. उजवा हात पांढऱ्या गुंडाळ्यात, आणि डाव्या हाताच्या बोटांनी तो चादरीच्या काठावर काजाचे टाके घालून बघत होता. सुई नव्हती, नुसती बोटं. मला पाहिल्यावर लाजून हात आत घेतला.

त्याने मला सांगितलं कसं सुरू झालं ते. त्याला सांगायला बराच वेळ लागला, दहातली सात मिनिटं गेली, पण मी मधे बोलले नाही. काजूच्या वाक्यात मधे बोलायचं नसतं हे गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. शिपायाने विचारलं, पिशवीत काय आहे. त्याला सांगायचं होतं ‘काजं’. काजाचे शर्ट. पण ‘का’वर तो अडकतो, जन्मभर त्याच अक्षरावर अडकतो. आणि नशीब असं की धंदाही त्याच अक्षराचा आणि टोपणनावही त्याच अक्षराचं. तर तो म्हणाला, ‘का...’ शिपायाने पुन्हा विचारलं. ‘का... का...’

‘का? मला विचारतो, का?’

आणि पहिली काठी पडली. पाच पोलिसांना वाटलं, एक फाटका माणूस भर रस्त्यात त्यांना जाब विचारतो आहे. तो बिचारा उत्तर देत होता.

चौघांना तसं वाटलं असेल, हे मी समजू शकते. चौघांना माहीत नव्हतं. पाचव्याला माहीत होतं. पाचवा तिसरीत होता तेव्हा याच काजूच्या स्टुलाजवळ बसून त्याच्या ‘का... का...’ची नक्कल करायचा आणि काजू हसायचा. नंतर त्याच पाचव्याला काजूने शिकवलं की त्याचं अडलं की आपण गप्प राहायचं, शब्द येतो आपोआप. पाचव्याच्या वर्दीच्या प्रत्येक शर्टाची सात काजं त्याच माणसाने हाताने केली आहेत. भरतीच्या दिवशीच्या शर्टाची फुकट केली होती.

मला माहीत आहे तू होतास.

पट्टी मारायच्या आधी माहीत होतं. हे मी वकिलांना सांगितलं नव्हतं, पोलिसांना नाही, आईलाही नाही. चार आठवडे एकटीनेच पोटात ठेवलं. मी हेल्मेटवाल्या कुठल्या अनोळखी माणसाला मारलं नाही. तुलाच मारलं, तुला ओळखून मारलं, आणि मनगट मोडल्याचा आवाज आला तेव्हा मला वाईट वाटलं नाही. वाईट दुसऱ्या दिवशी वाटलं. कसं ओळखलं ते सांगणार नाही. माझ्यापाशी तेवढंच आहे.

तू एक शब्द बोलला असतास तरी पुरे होतं. ‘अरे, याला मी ओळखतो.’ एवढंच. चौघे थांबले असते. हसले असते कदाचित तुला, की कुठल्या फाटक्याशी ओळखी ठेवतोस. त्या हसण्याला भिऊन तू सगळ्यांपेक्षा वर हात नेलास. भित्रा तू लहानपणापासून आहेस आणि त्याचा मला कधी राग नव्हता. अंधाऱ्या जिन्यातून तुला मीच वर न्यायचे. पण भीती वाटली की काठी हातात घ्यायची, हे तुला त्या घरात कुणी शिकवलं नाही.

सुनावणी सात मेला आहे. तोवर स्वतः जाऊन सांग. न्यायाधीश बाईंसमोर उभा राहा आणि सांग, मी तिथे होतो, काजूने हल्ला केला नाही. तुझं मनगट मोडल्याबद्दल मला जी शिक्षा होईल ती मी भोगीन. मला वाचव असं मी म्हणतच नाही. त्याला सोडव.

पंचवीस दिवस आहेत तुझ्याकडे, वर दहा. मोजून घे.


१५ एप्रिल

या वेळी तू एक ओळही लिहिली नाहीस. आईकडे तोंडी निरोप. ‘तिला विचार, पुरावा काय?’ आणि त्याच दिवशी दुपारी दुकानावर तपासणी आली. दोन माणसं. आग विझवायची बादली कुठे आहे, जिना किती रुंद आहे, मशीनची वायर उघडी का. आठवडाभर दुकान बंद. म्हणजे आता तू काखा वर करून बसणार आणि माझ्या दारावर कुलूप बसणार, असं ठरलं आहे तर.

काखा वर करून. हे लिहिताना मलाच हसू आलं. का ते सांगते, आता सांगायला हरकत नाही.

काल आई आली. दुकान बंद, म्हणून घरीच आली, नेहमीची पिशवी घेऊन. तुझ्या घरचं उसवलं-फाटलं दर पंधरा दिवसांनी माझ्याकडे येतं. भांडण असो, कोर्ट असो, ते थांबलेलं नाही. बारा वर्षं आई आणते आणि मी नेमाने शिवते. तुझी बायको धुऊन, घड्या घालून देते. तिला काय ठाऊक. पिशवीत तुझ्या मुलीचा फ्रॉक होता, उशीचा अभ्रा होता, आणि खाली वर्दीचा शर्ट. उजवी काख उसवलेली. आई म्हणाली, ‘रागावली असलीस तरी भावाचं काम करशील ना?’

मी शर्ट हातात घेतला आणि काख उलटी करून तिच्यावर बोट फिरवत राहिले. तिला वाटलं, मी विरघळले.

आठवतं, नोकरीच्या पहिल्या वर्षी तू चौकात वाहनं अडवायचास? हात वर केला की शर्ट पँटमधून बाहेर यायचा आणि साहेब शिव्या द्यायचे. तू इथे येऊन रडकुंडीला आला होतास. सरकारी शर्टाला काखेत माया नसते, जादा कापड सोडतच नाहीत. मी काख उसवली आणि चौकोनी जोड लावला, म्हणजे हात कितीही वर गेला तरी शर्ट ओढला जाणार नाही. वर्दीचं कापड माझ्याकडे शिल्लक नव्हतं. बाबांचा पाणीखात्याचा जुना शर्ट होता, रंग जवळजवळ तोच, एक छटा उतरलेला. तो कापला, आणि तेव्हापासून तुझ्या प्रत्येक नव्या वर्दीला त्यातलाच तुकडा लावत आले. तू कुरकुर केलीस की रंग वेगळा दिसेल. मी म्हटलं, हात खाली असेपर्यंत कुणाला दिसणार आहे.

चार मार्चला दिसला. बाबांच्या शर्टाचा तुकडा काजूच्या डोक्यावर वर-खाली होत होता. त्या मुलीच्या मोबाइलमध्येही दिसतो, फिकट, तळहाताएवढा. वकिलांना तो कपड्यावरचा घामाचा डाग वाटला होता. बावीस सेकंदांत सहा वेळा दिसतो. सातव्या वेळी माझी पट्टी आली.

तुझा हात इतका वर जावा अशी सोय मी करून दिली. चार मार्चपासून झोपायला डोळे मिटले की मला तो जोड दिसतो. तुझ्यावरच्या रागातला अर्धा राग माझ्यावरचा आहे, पण तू खूश होऊ नकोस, उरलेला अर्धाही पुष्कळ आहे.

तर पुरावा काय, असं विचारलं होतंस. पुरावा तूच पाठवलास, इस्त्री करून. शर्ट वकिलांकडे गेला आहे, घ्यायला येऊ नकोस. आईला मी खरं सांगितलं. ती खाली बसली. मग म्हणाली, ‘तुला एकच भाऊ आहे.’ मी म्हटलं, उजवा हातही माणसाला एकच असतो. ती चहा न घेता गेली. फ्रॉक आणि अभ्रा शिवून ठेवला आहे.

अजून बावीस दिवस आहेत. स्वतः जा.


९ मे

हे पाकीट शिवलेलं नाही. आईला वाचू दे. परवा ती तुमच्या बाकावर बसली होती, माझ्याकडे पाठ करून, तिला सगळं नीट दिसलं नसेल.

तू स्वतः गेला नाहीस. तुला बोलवावं लागलं. आणि आल्यावर शर्ट समोर धरला तेव्हा तू म्हणालास, ‘माझा नाही.’ सरकारी वकील लगेच उठले. असे हजारो शर्ट आहेत, आरोपी बाई टेलर आहे, कुठल्याही शर्टाला काहीही जोडून आणेल. बोलणं बरोबर होतं त्यांचं. मीही तेच म्हटलं असतं.

न्यायाधीश बाईंनी मला विचारलं, हा यांचाच कशावरून. मी म्हटलं, शर्ट मोजा. मोजायच्या आधी सांगते. गळा साडेपंधरा. उजवा खांदा डाव्यापेक्षा पाव इंच उतरता. डावी बाही उजवीपेक्षा अर्धा इंच लांब, कारण लहानपणी झाडावरून पडून उजवं कोपर वाकडं जुळलं. बाई म्हणाल्या, शर्टाची मापं तुम्हाला पाठ असतीलच, माणसाची जुळतात का ते बघू. कोर्टातल्या कारकुनाला टेप दिली. त्याने ती उलट्या टोकाने धरली आणि तुझ्या पोटाला गुंडाळली. लोक हसले. बाई त्रासल्या आणि मला म्हणाल्या, तुम्हीच घ्या, सगळ्यांसमोर, मोठ्याने आकडे सांगत.

मी टेप घेऊन पुढे आले आणि तू हात पसरलेस. कुणी सांगितलं नव्हतं. चौदाव्या वर्षापासून माझ्या हातात टेप दिसली की तू हात पसरून उभा राहतोस. ज्या माणसाचा शर्ट माझ्याकडे कधी आलाच नाही, तो असा उभा राहत नाही. ते बाईंनी पाहिलं. आणि लिहून घेतलं.

बाही मोजली. खांदा मोजला. आकडा सांगत गेले, कारकून शर्टावरचा आकडा सांगत गेला, टायपिस्ट खटखट करत गेला. दोन महिन्यांत मी तुला पहिल्यांदा हात लावत होते. प्लास्टर निघालं आहे, मनगट बारीक झालंय. गळ्याला टेप लावली तेव्हा माझा कान तुझ्या तोंडाजवळ आला आणि तू कुजबुजलास. लहानपणी काही फोडून आलास की कुजबुजायचास, तसं.

‘ताई, मी दोनच मारले.’

खरं सांगते, त्या क्षणी मी गप्प बसू शकले असते. मापं जुळली होती. तेवढ्याने कदाचित भागलं असतं. आणि ‘ताई’ म्हणालास तू. मी टेप धरून उभी होते आणि माझ्या डोळ्यांसमोर तो फिकट तुकडा वर जात होता. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. कबूल करतानाही तुला चार लपवायचे होते, आणि तेही माझ्यापासून.

मी टेप खाली ठेवली. न्यायाधीश बाईंना म्हटलं, ‘बाई, हा म्हणतोय की मी दोनच मारले.’

टायपिस्टचे हात थांबले. त्याने चष्मा वर करून मला विचारलं, ‘दोन म्हणाले, की दोनच?’ मी म्हटलं, दोनच. त्याने तसं टाइप केलं. बाईंनी तुला विचारलं, तुम्ही असं म्हणालात का. तू माझ्याकडे बघितलंस, मग आईकडे. आणि मान खाली घातलीस. नाही म्हणाला नाहीस. तेवढं एक मी तुझ्या बाजूला लिहून ठेवलं आहे.

मग मोबाइलवरचं चित्र पुन्हा लावलं आणि बाईंनी स्वतः मोजलं.

पुढचं तुला खात्याकडून कळलंच असेल. काजूवरचा हत्याराचा गुन्हा त्याच दिवशी काढला, संध्याकाळी सोडलं. पाचही जणांची चौकशी. माझ्याबद्दल बाईंनी लिहिलं आहे की समोर माणूस मार खात असताना त्याला वाचवायला उचललेला हात गुन्हा ठरत नाही, आणि कात्री बाजूला ठेवली हे आरोपीच्या बाजूने जातं. वकिलांनी ते निमंत्रणपत्रिकेच्या मागे उतरवून मला दिलं. मी दुकानात लावलेलं नाही. लावावंसं वाटलं नाही.

तुला वाटत असेल, जिंकली ही. काल काजू दुकानात आला. स्टूल पुसलं, बसला. मी एक शर्ट दिला, पाहू म्हटलं. अंगठा वळत नाही. सुई धरली की निसटते. चार वेळा निसटली, पाचव्यांदा त्याने ती उचलली नाही. माझ्याकडे बघून म्हणाला, ‘का...’

मी थांबले. त्याचं अडलं की थांबायचं, मग शब्द येतो. कातर असेल, काज असेल, काम असेल. पुढचं अक्षर आलं नाही. तो अडखळला नव्हता. तेवढंच विचारत होता.

माझ्याकडे उत्तर नाही. मी सगळ्यात जवळून पाहिलं तरी नाही. तुझ्याकडे असलं तर लिही, दीड ओळीत नको, मी त्याला वाचून दाखवीन.

शर्ट कोर्टाच्या ताब्यात आहे. सुटून आला की उसवलेली काख शिवून देईन, ते काम माझ्याकडे आलेलं आहे. जोड लावणार नाही.

ताई